बिनफवाऱ्याची तूर

माझी तूरडाळ खोटी आहे, असं लातूरच्या एका दुकानदारानं मला चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. त्याचा मला राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. अडचण एवढीच की तो खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्या माणसावर राग कसा धरायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही, तरी मी तो धरून आहे.

मी भांडखोर आहे. नांदेडात मला ओळखणारे हे माझ्या तोंडावर सांगतात. लहानपणी लोह्याच्या आठवडी बाजारात आई भाजी घेऊन बसायची आणि मी तिच्या शेजारी. मेथीचा भाव दुपारनंतर पडायला लागतो, आणि पडणारा भाव धरून ठेवायचा तर आवाज लागतो. माझा आवाज तिथे तयार झाला. पुढे लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि मी नांदेडात एका शटरचं दुकान भाड्यानं घेतलं. ज्वारी, तूरडाळ, हळद, घाण्याचं तेल. कुणी हात दिला नाही. बाईमाणसाला शटर वर ढकलता तरी येईल का, असं माझ्या भावानं विचारलं होतं. येतं.

दुकान लागलं त्याच वर्षी एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, औषध न मारलेली तूरडाळ आहे का? मी हो म्हणाले. माझ्याकडे एकच डाळ होती, आडतीवरून आणलेली, तिच्यावर काय काय मारलं होतं देव जाणे. मी तीच बांधून दिली आणि भाव चढवून सांगितला. आठ दिवसांनी बाई परत आल्या. म्हणाल्या, सासूबाईंना कित्येक वर्षांनी गावाकडच्या वरणाची चव लागली. मी हसले, आणखी दोन किलो दिली, आणि त्या गेल्यावर मला घाम फुटला. आपण पकडले जाऊ म्हणून नाही. आपल्याला कुणीच कधी पकडणार नाही, हे कळलं म्हणून. या मालात गिऱ्हाइकाची जीभ, नाक, डोळा, काहीच कामाला येत नाही. त्याच्या हातात फक्त माझा शब्द असतो. हे कळल्यावर बाजारात वाढलेल्या माणसासमोर दोन रस्ते उरतात. मी अवघड रस्ता का धरला ते मला अजून नीट सांगता येत नाही. चांगुलपणा म्हणायला मन धजत नाही. बहुतेक खऱ्या मालावर भांडताना माझा आवाज जास्त चढतो, म्हणून असेल.

खरा माल शोधायला मी माझ्या पद्धतीनं निघाले. कागद बघितले नाहीत. न सांगता शेतावर जायचं. बांधावर हिरवं तण असेल तर पुढे बोलायचं. बांध जळाल्यासारखा पिवळा असेल तर तिथूनच मागे फिरायचं. फवारणीचा पंप दिसला तर झाकण उघडून वास घ्यायचा. शेणखताच्या ढिगात काठी खुपसून बघायची. आणि शेवटी गावातल्या कृषी केंद्रात जाऊन पाणी मागायचं आणि सहज विचारायचं की अमका शेतकरी तुमच्याकडून काय काय नेतो. औषधं विकणारा ज्याच्याबद्दल चिडून बोलेल तो माणूस माझ्या कामाचा.

असं एक घर मला लोह्याच्या पलीकडच्या एका गावात सापडलं. तिथला कृषी केंद्रवाला म्हणाला, “त्यो? त्यो माझ्या दुकानासमोरून जाताना मान सुदीक वळवत न्हाई.” मी सरळ त्या घरी गेले. पन्नाशीतले नवरा-बायको आणि त्यांचे म्हातारे वडील. दोन एकर तूर, बाकी ज्वारी, हरभरा, घरापुरती हळद. तूर फुलात आली की दोघं सकाळी ऊन चढायच्या आत शेतात जायचे. झाडाखाली पोतं अंथरायचं, झाड हलवायचं, शेंगा पोखरणाऱ्या अळ्या पोत्यावर पडतात, त्या गोळा करून कोंबड्यांना. मग पुढचं झाड. निंबोळीचा अर्कही मारायचे, पण मुख्य काम हेच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग भाव ठरवायला बसलो तेव्हा हसू गेलं. मी नेहमीप्रमाणे कमी करायला सांगितलं. ती बाई निवडत असलेल्या भाजीवरून नजर न काढता म्हणाली, “आक्का, तुमी आठ दिस अळ्या येचाय या. मग कमी करते.” मी तिच्याशी पुन्हा भावावरून घासाघीस केली नाही. दुसऱ्या कुणाशी एवढ्या लवकर हरल्याचं मला आठवत नाही.

त्यांचा आठ-दहा घरांचा गट होता. गटातल्यांनी एकमेकांची शेतं बघायची आणि वहीत एकमेकांसाठी सह्या करायच्या. खरेदीदार म्हणून माझीही सही असायची. नियम सोपा होता. शेतात रासायनिक औषधाचा फवारा एकदा जरी पडला, तर ते शेत पुन्हा पहिल्या वर्षावर. तीन वर्षं त्या मालाला सेंद्रिय म्हणायचं नाही. या घरानं ती तीन वर्षं एकदा काढली होती. त्या काळात पिकाचा उतारा घटला, भावकीनं नावं ठेवली, मुलगा चिडून पुण्याला कंपनीत लागला. सगळं सोसून ते वहीत टिकून होते.

लातूरच्या दुकानदाराकडे मी या घरची डाळ द्यायचे. त्याचं दुकान काचेचं, आत थंडगार, सगळीकडे हिरव्या पानाचं चित्र असलेली पाकिटं. मी एकदा त्याच्याच दुकानात, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, एक पाकीट फोडून डाळ तळहातावर घेतली होती आणि म्हटलं होतं की ही तेल-पाणी लावून चकचकीत केलेली डाळ आहे, हिला सेंद्रिय म्हणताना जीभ अडखळत नाही का? गिऱ्हाइकं हसली होती. तो हसला नव्हता. हे मी आधी सांगायला हवं होतं. पुढे त्यानं जे केलं ते त्या दिवसाचं उत्तर होतं. पण उत्तर आहे म्हणून ते चूक ठरत नाही, इथेच माझा गोंधळ सुरू होतो.

यंदाच्या डाळीतली मूठभर त्यानं प्रयोगशाळेत पाठवली. मी पुढचा माल घेऊन गेले तेव्हा त्यानं कागद काउंटरवर ठेवला, बोट ठेवून दाखवलं, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाला, “ताई, तुमच्या डाळीत अळीच्या औषधाचा अंश निघालाय. माझी पास आहे. तिचाही कागद दाखवू का?”

चार गिऱ्हाइकं उभी होती. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्हीच मिसळलं, कागद विकत मिळतात, वगैरे. तो ऐकून घेत राहिला. शेवटी पोत्याला हात लावून म्हणाला, हे तेवढं परत घेऊन जा. मी पोती टेम्पोत टाकली आणि गंजगोलाईच्या गोल बाजाराला तीन फेऱ्या मारल्या, कारण कुठल्या रस्त्याला वळायचं ते सुचत नव्हतं. त्याच्याकडे कागद होता. माझ्याकडे शब्द होता. त्या चकचकीत डाळीचा कागद खरा होता की एका चांगल्या पोत्याचा कागद सगळ्या पाकिटांना चिकटवला होता, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

मी आधी डाळमिलवर गेले. लातूरच्या एका छोट्या मिलमध्ये मी डाळ भरडून घेते. मिलवाला ओळखीचा, गमत्या माणूस. मी त्याच्यावर तोंड सोडलं, की दुसऱ्याचा माल माझ्या मालात गेला. तो म्हणाला, “आक्का, तुमच्या मालाआधी मशीन झाडून घेता. पहिली दोन पोती बाजूला काढायला लावता. माणसांच्या चपला काढून घेता. आता काय राहिलं, मी आंघोळ करून, सोवळं नेसून येऊ का?” त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. बारदाना, म्हणजे पोती, मी स्वतः नवा दिलेला. मग उरलं शेत.

त्या घरी मी पोचले तेव्हा दुपार होती. नवरा ओसरीवर दोर वळत होता. मी बसलेही नाही. त्याला विचारलं, फवारा मारला का? तो म्हणाला, “म्या न्हाई मारला, आक्का.” बायकोनं मारला का? “तिनं बी न्हाई.” त्याची नजर सरळ होती. त्याची बायको मात्र चहाचं आधण बघत राहिली, उकळून उतू जाईपर्यंत. मला हे खटकलं, पण त्यांचे वडील थंडीच्या आधी वारले होते, घर अजून त्या दुःखात होतं, मी तेवढ्यावर सोडलं. बियाण्यासाठी राखेत घालून ठेवलेली तूर डब्यात होती. ती मी मूठभर मागून घेतली, खरं तर ओढूनच घेतली, आणि माझ्या पैशानं तपासायला पाठवली. मिलचं तोंड न बघितलेली तूर. तिच्यातही तेच निघालं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याची बायको एकटी शेतात तुराट्यांच्या पेंढ्या बांधत होती. मी कागद पुढे धरला. तिला वाचता येत होतं, पण तिनं घेतला नाही. पेंढीची गाठ मारली, त्याच पेंढीवर बसली आणि सांगून टाकलं.

म्हातारे गेले तेव्हा तूर ऐन फुलात होती. त्यांच्यात मयतीनंतर तेरा दिवस शेतात पाऊल टाकत नाहीत. भावकीलाही सुतक, म्हणून भावकीतलंही कुणी जाऊ शकलं नाही. तेरा दिवस तूर कुणी हलवली नाही. अळी सुटली. बांधाला लागून ज्याचं शेत आहे तो शेजारी रोज आपल्या शेतात यायचा आणि हे बघायचा. तो बौद्ध, हे मराठे. त्याला यांचं सुतक नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तो लोह्याहून औषध घेऊन आला, आपला पेट्रोलचा पंप पाठीला लावला आणि यांची दोन्ही एकर तूर फवारून टाकली. कुणाला बोलला नाही. तेराव्याच्या गोड जेवणाला पंगतीत बसल्यावर हळूच सांगितलं, की तुरीची काळजी करू नका, मी सांभाळलीय.

“आमच्या तर घास गळ्याखाली उतरंना,” ती म्हणाली.

मी विचारलं की मग त्याच दिवशी त्याला का नाही सांगितलं? आणि मला का नाही?

ती मग म्हणाली, “काय सांगू? तुमचा हात लागला अन् आमचं शेत बाटलं म्हनू? त्यास्नी?”

त्या गावात ते वाक्य याआधी किती वेळा आणि कशासाठी बोललं गेलंय हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिच्या सासऱ्यांच्या लहानपणी त्या शेजाऱ्याच्या घरच्यांना यांच्या विहिरीच्या कठड्याला हात लावता येत नव्हता. पुढे म्हाताऱ्यांनीच ते मोडलं, दोन्ही घरांचं जाणं-येणं सुरू झालं, आणि आता त्याच घरानं त्याला सांगायचं की तू पाऊल टाकलंस म्हणून आमचं तीन वर्षांचं गेलं. औषधाबद्दल बोलायचं होतं, पण त्यासाठी जे शब्द होते ते सगळे आधीच वापरून खराब झालेले.

आणि तेवढ्यात तोच बांधावरून आला. साठीला टेकलेला, उंच, डोक्याला रुमाल. मला बघून त्याला आनंद झाला. “तुमीच का नांदेडच्या त्या भांडणाऱ्या बाई?” मी हो म्हणाले. तो हसला. म्हणाला, “मग औंदा मला चहा पाजा. तुमाला तूर घावली ती माझ्यामुळं. न्हाईतर नुसती टरफलं भरली असती पोत्यात.”

मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं का की हे लोक फवारत नाहीत?

“ठाव हाय की,” तो म्हणाला. “परवडत न्हाई म्हनून. रोज सकाळी दोघं झाडं हलवीत बसतेत, बघवत न्हाई मला. म्या माझ्या तुरीवर मारतो त्याच्याहून भारी आणलं. म्हाताऱ्याचं लई हाय माझ्यावर. पैसं द्याय लागले हे, म्या घेतलं न्हाई.”

एवढी वर्षं बांधाला बांध लावून शेती केली, आणि त्याला वाटत होतं की ही गरिबी आहे. मी दुकानात फळ्यावर लिहून, ओरडून, भाव चढवून जे विकत होते, ते त्याला बघवत नव्हतं. त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. यांना वाटलं त्याला ठाऊकच असेल. विहिरीकडून तिचा नवरा येत होता. त्यानं आम्हाला तिघांना बघितलं आणि जागीच थांबला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. माझं तोंड कसं आहे ते त्याला माहीत होतं.

मी म्हणाले, “बरं केलंत.”

का म्हणाले, माहीत नाही. पंप पाठीवर घेऊन दुसऱ्याची दोन एकर फवारणाऱ्या माणसाच्या तोंडावर दुसरं काही बोलवेना. तो खुशीत निघून गेला. मग मला नवऱ्यावर राग काढता आला. मी त्याला सांगितलं की गटाच्या बैठकीत तू बोल, नाहीतर मी बोलते. माझ्या दुकानातून लोकांनी घरी नेऊन लेकरांना खाऊ घातलंय ते. तो म्हणाला, “बोलतो.” एवढंच.

बैठक त्यांच्याच गावच्या मारुतीच्या पारावर झाली. तो उठला आणि म्हणाला की माझ्या तुरीवर औषधाचा फवारा पडलाय, माझं नाव वहीतून काढा. गटात सगळ्यात कडक शेतकरी म्हणून त्याचं नाव होतं. वहीवाल्यानं विचारलं, पडला म्हणजे? कुणी मारला? वहीत तसा रकाना होता. बांधापलीकडून वाऱ्यानं आला, की दुसऱ्या कुणी मारला, की स्वतः मारला.

तो म्हणाला, “शेत माझं हाय. म्याच मारला म्हना.”

त्याची बायको बायकांमध्ये बसली होती. तिनं पदर सारखा केला. वहीवाल्यानं लिहिलं, स्वतः फवारणी केली. खाली शेतकऱ्याची सही झाली आणि वही माझ्याकडे आली. खऱ्या मालासाठी एवढी भांडाभांड करून मी ज्या ओळीखाली सही करत होते ती ओळ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे तिथे फक्त तिघांना माहीत होतं. खरं लिहायचं तर एका माणसाचं नाव लिहावं लागलं असतं. मी सही केली. चूक केली असेल. पुन्हा वेळ आली तर काय करेन, ते आजही सांगता येत नाही.

नांदेडला परतून मी उरलेली डाळ वेगळी काढली आणि तिच्यावर पुठ्ठा लावला की यंदाची ही तूर फवारलेली आहे, साध्या भावानं मिळेल. आधी नेलेल्यांना जमेल तसं सांगितलं. एक जण म्हणाले, सांगायची काय गरज होती, आम्हाला कळलंच नसतं. एक बाई काही न बोलता गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. लातूरच्या दुकानदाराला मी फोन केला. मला वाटलं होतं, तुमचं खरं निघालं असं म्हटल्यावर तो तरी थोडा वरमेल. तो म्हणाला, “मला ठाऊकच होतं, ताई.” त्याला काय ठाऊक होतं? त्याच्याकडे एक कागद होता. पंगत, पंप, विहिरीचा कठडा यातलं त्याला काय ठाऊक होतं? पण डाळीत औषध होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि मला नव्हतं. मी फोन ठेवला.

पेरण्यांच्या आधी, एका सकाळी तो शेजारी माझ्या दुकानात आला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. नर्स असलेल्या मुलीकडे नांदेडला आला होता, विचारत विचारत दुकान शोधलं. मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

म्हणाला, “गावात आसं बोलून राहिले की त्यानं फवारा मारला म्हनून त्याला गटातून काढलं. त्यानं कवा मारला, ताई? म्याच मारला हुता.”

मी नोकराला चहा सांगितला. वेळ काढत होते. इतकी वर्षं कुणालाही तोंडावर उत्तर देणारी मी काउंटरवरचं धान्य सारखं करत होते. तो थांबला होता. शेवटी मी सांगितलं. सगळं सांगितलं, ते का फवारत नाहीत, अळ्या का वेचतात, तीन वर्षं कशी जातात. आणि हेही, की तुम्हाला लागेल म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं.

औषधाबद्दल त्याला फार वाटलं नसावं. म्हणाला, चुकलं माझं, मला ठाव नव्हतं, त्यांचं नुकसान झालं. एवढं तो सहज बोलला. मग त्याचा चेहरा बदलला.

“माझ्या तोंडावर बोलले आस्ते, दादा, तुमी औषध मारलं, आमचं नुकसान झालं, तर ते औषधाचंच आस्तं. म्या बी चार शिव्या दिल्या आस्त्या, चार खाल्ल्या आस्त्या. त्यांनी झाकून ठिवलं. झाकलं म्हनून ते दुसरंच झालं, ताई. कळतंय का तुमाला?”

मी म्हटलं, ते तुमचा मान ठेवायला गेले.

“मान,” तो म्हणाला. चहा आला होता. त्यानं घेतला नाही. जाताना उंबऱ्यात मागे न वळता म्हणाला, “माझा मान ठेवाय मला न इचारता.”

त्यानंतर त्यानं त्या घरी जाणं बंद केलं. मी हे त्या बाईकडून ऐकलं. मी विचारलं, मी त्याला सांगितलं ते चुकलं का? ती म्हणाली, “तुमी न सांगितलं तर तो आमच्याकडंच आला आस्ता इचाराय. मग आमी काय बोललो आस्तो, ते बी मला सुचंना.” तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर भांडता तरी आलं असतं.

ऑगस्टात गटाचे लोक त्या शेताच्या पाहणीला गेले. पुन्हा पहिल्या वर्षाची पाहणी, म्हणून मीही गेले. तूर गुडघ्याच्या वर आली होती. पाहणीत एक गोष्ट सक्तीची असते: ज्या बाजूला फवारणारा शेजारी आहे, त्या बाजूला उंच, दाट पिकाचा आडोसा हवा, नाहीतर वर्ष धरत नाहीत. नवऱ्यानं त्या बाजूला चार ओळी अंबाडी टोचली होती, पण ती नीट उगवलीच नव्हती. वहीवाला मान हलवत होता. मग आमचं लक्ष बांधापलीकडे गेलं. शेजाऱ्यानं स्वतःच्या जमिनीत, बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ज्वारी पेरली होती. माणूस दिसणार नाही इतकी दाट, डोक्याच्या वर. तो पावसाळ्यात नुसतं सोयाबीन आणि तूर घेतो. ज्वारी त्यानं या हंगामात कधी पेरलेली मला माहीत नव्हती.

“आडोसा केलाय त्यानं,” नवरा म्हणाला.

“तोंड दिसू न्हाई म्हनून केलंय,” बायको म्हणाली.

वहीवाला म्हणाला, शेजाऱ्याचं पीक आडोसा म्हणून धरता येतं, पण त्यानं ते काढून टाकलं तर? कशासाठी लावलंय ते विचारून घ्या. विचारायला दोघंही हलेनात. ज्वारीच्या पलीकडे खुरप्याचा आवाज येत होता. मी बांधापर्यंत गेले. पानांतून काही दिसत नव्हतं. मी मोठ्यानं विचारलं की दादा, ही ज्वारी कशासाठी पेरलीय?

खुरपं थांबलं. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, “ज्वारी कशासाठी पेरत्यात? खायाला.”

आणि खुरपं पुन्हा सुरू झालं. मी परत आले. वहीवाल्यानं विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, काढणार नाही. हे तो म्हणाला नव्हता. पण खायला पेरलेली ज्वारी कुणी कणसं भरायच्या आत उपटत नाही, आणि कणसं भरेपर्यंत तूर फुलाला लागते. मी एवढा हिशोब केला. बाकीचा मला येत नव्हता. आडोशाच्या रकान्यात वहीवाल्यानं ‘आहे’ लिहिलं आणि खाली मी सही केली. त्या घराचं पहिलं वर्ष धरलं गेलं.